कळशीत एक तांब्या जास्त



मागच्या कार्यक्रमात गुडघेदुखीबद्दल बोलताना आम्ही ओघात ‘ताकदीचा व्यायाम’ असं म्हणून गेलो, आणि कार्यक्रम संपायच्या आत केंद्रावर फोन आला. पलीकडच्या ताई चांगल्याच तापल्या होत्या. ‘सहा महिने ऊस तोडतो, मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढतो. गावात असलो की पाणी भरतो, खुरपायला जातो. आणि तुम्ही आम्हाला वजनं उचला म्हणता? ही बसून खाणाऱ्यांची थेरं आम्हाला नका सांगू.’

त्यांचा राग रास्त आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या गटाच्या बैठकीत आरोग्यसेविका ताईंनी हा विषय काढला तेव्हा आम्हीही असंच बोललो होतो, अगदी याच सुरात. म्हणून आज त्याच प्रश्नाचं उत्तर देतो. ते थोडं लांब आहे, कारण ते मोळीपासून सुरू होतं आणि पाळीपर्यंत जातं.

मोळी ३०-४० किलोची. ती किती जड असावी हे आपण ठरवत नाही. दिवसातून किती वेळा उचलायची, तेही आपण ठरवत नाही. कंबर दुखली म्हणून उद्या सुट्टी नाही, आणि रात्री पोटात पडतं काय, तर सगळ्यांचं झाल्यावर उरलेली भाकरी आणि चटणी. आता व्यायामाचं बघा. वजन आपल्याला झेपेल एवढं. उचलायचं दहा-बारा वेळा, मग थांबायचं. दुसऱ्या दिवशी त्या स्नायूंना आराम. स्नायू उचलताना वाढत नाही, उचलल्यानंतर वाढतो. वजनाने त्याच्यावर ताण येतो आणि पुढचे एक-दोन दिवस शरीर त्याची डागडुजी करतं. त्या डागडुजीला विश्रांती लागते आणि डाळ, शेंगदाणे, अंडी, दूध यांतली प्रथिनं लागतात. ती मिळाली तर स्नायू आधीपेक्षा भक्कम होतो. नाही मिळाली तर झीज तेवढी होते, भर होत नाही. आपल्या कष्टांत आणि व्यायामात फरक आहे तो एवढाच, पण शरीराच्या हिशेबात फार मोठा आहे. बचत आणि खर्च यांतला फरक गटातल्या बाईला वेगळा सांगायला नको.

आता याचा पाळीशी काय संबंध?

आपण पाळी म्हटली की फक्त गर्भपिशवीचा विचार करतो. खरं तर पिशवी हुकमाची ताबेदार आहे. हुकूम येतो मेंदूतून आणि अंडाशयातून, आणि तो हुकूम घेऊन रक्तातून फिरतात ती संप्रेरकं, ज्यांना डॉक्टर हार्मोन म्हणतात. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही पाळीची मुख्य. पण त्यांच्या कारभारात बाहेरचीही ढवळाढवळ करतात, आणि त्यातलं एक म्हणजे इन्सुलिन. हो, शुगरवालंच. इन्सुलिनचं काम रक्तातली साखर पेशींमध्ये पोचवायचं. जेवणानंतरची सगळ्यात जास्त साखर सामावून घेतात ते आपले स्नायू. स्नायू कमी आणि सुस्त असतील तर तेवढ्याच साखरेसाठी शरीराला इन्सुलिन जास्त सोडावं लागतं. हे जादा इन्सुलिन अंडाशयापर्यंत गेलं की अंडाशय पुरुषी संप्रेरकं जास्त बनवायला लागतं. मग बीज वेळेवर पिकत नाही, पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने लांबते, हनुवटीवर केस येतात, तोंडावर पुरळ येतं. पोरीबाळींमध्ये ज्याला पीसीओडी किंवा पीसीओएस म्हणतात त्याची एक मोठी वाट ही आहे.

स्नायूंना काम दिलं की ते साखर ओढून घ्यायला लागतात, आणि काम करणारा स्नायू जादा इन्सुलिन न मागताही साखर घेतो. इन्सुलिनची गरज कमी झाली की अंडाशयावरचा तो दाब उतरतो. म्हणूनच २०२३ साली पीसीओएसबद्दल जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रं आली त्यांत चालण्या-धावण्याबरोबर आठवड्यातून दोन दिवस, सलग नव्हे तर मध्ये दिवस सोडून, स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगितला आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० साली सगळ्याच प्रौढांसाठी आठवड्यातून निदान दोन दिवस तो हवा असं म्हटलंय. पण ऐका, व्यायामाने प्रत्येकीची पाळी घड्याळासारखी होईल असं आम्ही म्हणत नाही. काहींची होते, काहींना गोळ्याही लागतात. वजन काट्यावर फारसं उतरलं नाही तरी आतला फायदा होतो, हे मात्र लक्षात ठेवा. दोन महिन्यांत काटा हलला नाही म्हणून सोडून देणाऱ्या पोरी आम्ही पाहिल्या आहेत.

पाळीत पोट दुखतं त्याचंही सांगतो. पिशवीच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं सुटतात, त्यांनी पिशवी आवळते, तीच ती कळ. नियमित व्यायाम करणाऱ्या बायकांमध्ये ही कळ कमी होते असं बऱ्याच अभ्यासांतून दिसलंय. २०१९ साली अशा अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. आठवड्यातून तीन-एक वेळा पाऊण ते एक तास व्यायाम केलेल्यांची दुखणी बरीच उतरली होती, मग तो व्यायाम जोराचा असो की योगासनांसारखा हलका. अभ्यास लहान लहान होते म्हणून आढावा घेणाऱ्यांनीच जपून बोला असं म्हटलंय, तर आम्हीही जपूनच बोलतो.

‘पाळीत उचलायचं नाही, पिशवी सरकते’ हे आपण लहानपणापासून ऐकलंय. पाळीत झेपेल तेवढा व्यायाम केल्याने काही सरकत नाही. झेपत नसेल तर त्या दिवशी करू नका, त्यात लाज नाही. मणिपूरची मीराबाई चानू लहानपणी डोंगरातून सरपणाच्या मोळ्या आणायची. पुढे टोकियो ऑलिम्पिकमध्ये तिने वजन उचलण्यात रौप्यपदक आणलं. २०२४ साली पॅरिसमध्ये ती एकूण १९९ किलो उचलून चौथी आली, कांस्यपदक फक्त १ किलोने हुकलं. नंतर तिने सरळ सांगितलं की पाळीचा तिसरा दिवस होता, त्याचा थोडा परिणाम झाला. एवढ्या मोठ्या स्पर्धेत तिने पाळीचं नाव घेतलं याचं आम्हाला कौतुक वाटलं. आपल्याकडे अजून ‘कावळा शिवला’ म्हणून कोपऱ्यात बसवतात आणि त्याच बाईकडून त्याच दिवशी गोठा झाडून घेतात.

उलट दिशेचीही एक गोष्ट सांगायला हवी. गावातली एक लेक पोलीस भरतीची तयारी करत होती. पहाटे ८०० मीटरचा सराव, मग १०० मीटर, मग गोळाफेक. वजन वाढू नये म्हणून दुपारी एक भाकरी आणि रात्री नुसतं ताक. चार महिने पाळी आली नाही. आईला आधी भलतीच शंका आली, ती घरातल्या घरात फार वाईट निघाली. प्रत्यक्षात शरीराने हिशेब केला होता. एवढ्याशा जेवणात धावणंही करायचं आणि पाळीही चालवायची, दोन्ही जमणार नाही, मग पाळी बंद. अशी पाळी बंद पडणं हे तंदुरुस्तीचं लक्षण नाही. त्या काळात इस्ट्रोजेन खाली जातं आणि ऐन हाडं भरायच्या वयात हाडं कच्ची राहतात. तिला धावणं कमी करायला आणि जेवण वाढवायला सांगितलं गेलं. जेवण वाढवणं तिला जास्त जड गेलं, कारण त्या घरात मुलगी दुसऱ्यांदा वाढून घेते हे कुणी पाहिलेलंच नव्हतं. लेकींनो, तीन महिने पाळी आली नाही तर गप्प बसू नका, तपासून घ्या.

आता ज्या गोष्टीसाठी खरं तर आज बसलोय तिच्याकडे येतो.

आमच्या भागात ‘उचल’ म्हटलं की वजन आठवत नाही, मुकादमाकडून घेतलेले पैसे आठवतात. उचल फेडायची म्हणून खाडा परवडत नाही, आणि खाडा नको म्हणून पाळी नको. फडात संडास नाही, आडोसा नाही, पाणी नाही. अंगावरून जास्त जातंय, पांढरं जातंय, कंबर दुखते म्हणून बाई दवाखान्यात जाते आणि तिला सांगितलं जातं, पिशवी काढून टाक, कटकट मिटेल. २०१९ साली सरकारने विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. त्यांत तिशीतल्या किती तरी.

आमचे हात यात स्वच्छ नाहीत. गटाच्या कर्ज रजिस्टरात मागची पानं उलटली तर ‘कारण : दवाखाना’ असं लिहिलेली चार कर्जं सापडतात. चारही पिशवीच्या ऑपरेशनची. ठराव आमच्या अक्षरात आहे. बाई रडत आली, आम्ही सह्या घेतल्या, पैसे दिले, हप्ते बांधले, आणि आपण तिला मदत केली म्हणून समाधानाने घरी गेलो. दुसऱ्या डॉक्टरला दाखवलंस का, एवढं एक वाक्य आमच्यापैकी कुणी विचारलं नाही. त्यातल्या एक वहिनी तेव्हा ३२ वर्षांच्या होत्या. आज त्या ३८ च्या आहेत. अंगातून वाफा येतात, झोप लागत नाही, टाचा आणि पाठ धरते. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली होती का, हे त्यांना माहीत नव्हतं. कागद शोधून वाचून घेतला तेव्हा कळलं, काढली होती.

फरक समजून घ्या. नुसती पिशवी काढली तर पाळी थांबते, पण अंडाशयं इस्ट्रोजेन बनवत राहतात, जरी ती पुष्कळदा नेहमीपेक्षा काही वर्षं आधी थकतात. अंडाशयंही काढली तर इस्ट्रोजेन एका दिवसात बंद. आपल्या देशात बायकांची पाळी साधारण ४६-४७ च्या आसपास जाते. वहिनींची ३२ व्या वर्षी गेली. इस्ट्रोजेन हे हाडांचं कुंपण आहे. ते गेलं की हाडातला कस भराभर निघून जायला लागतो. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच-सहा वर्षांत सगळ्यात वेगाने. पुढे कधी तरी बाई ओट्यावरून घसरते आणि खुब्याचं हाड मोडतं, आणि आपण म्हणतो, ‘वयच झालं होतं.’

इथे वजन उचलण्याचं महत्त्व येतं. हाड दगडासारखं मेलेलं नसतं, ते जिवंत आहे. त्याच्यावर स्नायूचा ओढा पडला की ते स्वतःला भरून घेतं. ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाने पाळी गेलेल्या आणि हाडं विरळ झालेल्या १०१ बायकांचा अभ्यास केला. सरासरी वय ६५. काही जणींना आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, जाणकारांच्या देखरेखीखाली चांगली जड वजनं उचलायला लावली. त्यांच्या कण्याच्या हाडाची घनता जवळपास ३ टक्क्यांनी वाढली. ज्यांनी घरी हलका व्यायाम केला त्यांची १ टक्क्याहून जास्त घटली. ६५ व्या वर्षी हाड भरतं, तर ३८ व्या वर्षी का नाही? वहिनींना डॉक्टरांनी औषधंही दिली आहेत, कारण इतक्या लवकर इस्ट्रोजेन गेलेल्या बाईला त्याची गरज असू शकते. नुसत्या व्यायामावर ते भागत नाही. पण आज आमच्यात सगळ्यात न चुकता येणाऱ्या त्याच आहेत.

आम्ही करतो काय ते सांगतो. डंबेल आणायला पैसे नव्हते. मग आमच्यातल्या एका काकूंनी सहज म्हटलं, लिटरभर पाणी म्हणजे किलोच की. तिथून सगळं सुरू झालं. बादली घ्या, ५ लिटर पाणी भरा, ५ किलो झाले. दोन पायांच्या मध्ये ठेवा. कमरेतून नव्हे तर खुब्यातून वाका, ढुंगण मागे, पाठ सरळ, बादली अंगाजवळ, आणि श्वास सोडत उभ्या राहा. श्वास कोंडून उचलू नका, त्याने पोटातला दाब खाली पिशवीवर आणि लघवीच्या जागेवर येतो. दहा-बारा वेळा करा. थोडं थांबून पुन्हा. शेवटच्या दोन वेळा कष्ट पडले पाहिजेत, पण पाठ वाकडी होता कामा नये. बारा वेळा सहज जमायला लागलं की पुढच्या आठवड्यात बादलीत एक तांब्या जास्त. आमच्या तांब्यात पाऊण लिटर मावतं. एवढंच वाढवायचं, पण वाढवायचं. दोन वर्षं तेच ५ लिटर उचललं तर शरीराला कळतं की आता भर घालायची गरज नाही. वहिनी ५ लिटरपासून निघाल्या, परवा त्यांनी दोन्ही हातांत मिळून २४ लिटर उचललं.

याशिवाय खुर्चीवरून किंवा ओट्यावरून हात न टेकता उठबस. आधी रिकाम्या हाताने, मग छातीशी पाण्याची बाटली धरून. भिंतीला हात लावून रेटा द्यायचा, ते सोपं झालं की ओट्याला, पुढे जमिनीवर. एक हात बाकावर टेकून दुसऱ्या हाताने भरलेली पिशवी कमरेपर्यंत ओढायची. अर्ध्या-पाऊण तासात सगळं होतं. पोरं हसली, एका दादल्याने विचारलं, पैलवान होणार का. बायकांच्या अंगात पुरुषी संप्रेरक पुरुषांपेक्षा कितीतरी पट कमी असतं, दंड फुगत नाहीत हो. आणि फुगले तरी कोणाचं काय जातं? मोबाइलवर पाळीच्या तारखेप्रमाणे रोजचा व्यायाम बदलायचे तक्ते फिरतात. त्यांना भक्कम आधार नाही, आणि आपल्याला एवढा वेळही नाही. अंगाला विचारा आणि करा.

ऊसतोडीला गेल्यावर काय, हा फोनवाल्या ताईंचा खरा प्रश्न. तेव्हा जादा वजनं उचलू नका, मोळ्या पुरेशा आहेत. मोळी उचलताना तेवढं खुब्यातून वाकणं आणि श्वास सोडणं सांभाळा. हंगाम नसतो ते पाच-सहा महिने भर घालायचे. म्हणजे दिवाळीनंतर तेच शरीर तीच मोळी कमी झिजत वाहील.

काही जणींनी आधी विचारल्याशिवाय सुरू करायचं नाही. पोटुशी बाई, बाळंत होऊन सहा आठवडे न झालेली, पोटाचं ऑपरेशन झालेली, रक्तदाब आटोक्यात नसलेली, आणि जिचं अंग बाहेर येतं ती. अंग बाहेर येणं हे लपवायचं दुखणं नाही. त्याला वेगळे, खालचे स्नायू आवळण्याचे व्यायाम आहेत आणि इलाजही आहेत.

आणि रक्त तपासा. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर दम लागतो, आणि बाईला वाटतं व्यायाम आपल्याला सोसत नाही. आधी लोहाच्या गोळ्या. त्या चहाबरोबर नको, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्या. उपकेंद्रात त्या फुकट मिळतात. आणि रक्त का कमी झालं तेही शोधा. सात दिवसांपेक्षा जास्त जात असेल, तासा-दोन तासाला कपडा किंवा पॅड बदलावा लागत असेल, गाठी पडत असतील, पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा डाग दिसला असेल, तर तो व्यायामाने बरा करायचा विषय नाही. दवाखान्यात जा, सोनोग्राफी करा. ‘पिशवी काढा’ असं कोणी म्हटलं तर तीन गोष्टी विचारा. नेमका आजार काय? गोळ्यांनी किंवा पिशवीत बसवायच्या हार्मोनच्या तांबीने भागेल का? आणि काढलीच तर अंडाशयं ठेवणार ना? मग कागद घेऊन सरकारी रुग्णालयातल्या दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. कर्करोगाची शंका असेल किंवा इतर इलाज थकले असतील तर ऑपरेशन करावंच लागतं, त्याला घाबरायचं नाही. पण पांढरं जाणं आणि कंबरदुखी एवढ्यासाठी कोणी पिशवी काढत असेल तर तिथून उठा.

आमच्या रजिस्टरात आता एक नवा रकाना आहे. ऑपरेशनसाठी कर्ज मागणाऱ्या सभासदाने दुसऱ्या डॉक्टरांचं मत आणलं का, असा. त्या दुसऱ्या दवाखान्याचं जाण्यायेण्याचं भाडं गट देतो, ते परत मागत नाही. गेल्या पावसाळ्यात एक पुतणी ऑपरेशनचे ३५ हजार मागायला आली होती. भाड्याचे ३०० घेऊन गेली. सोनोग्राफीत छोटी गाठ निघाली, गोळ्या सुरू झाल्या, हिमोग्लोबिन ७ होतं ते आता ११ आहे. पिशवी जागेवर आहे.

मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता आम्ही समाजमंदिरासमोर असतो. फोनवाल्या ताई, तुम्हीही या. येताना आपापली बादली आणि तांब्या आणा, पाणी तिथे आहे. नंतर ते झाडांना घालतो.